आईच्या भाषेत टेकलेले गुडघे



पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला दरवर्षी आपण प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायाचे वाचन ऐकतो. वाचन करणाऱ्याची खरी कसोटी लागते ती त्या देशांच्या आणि लोकांच्या यादीपाशी. पार्थी, मेदी, एलामी, फ्रुगिया, पंफुलिया… जीभ अडखळते, मागच्या बाकांवरची मुले एकमेकांकडे बघून हसतात, आणि ती यादी एकदाची संपली की आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण लूकने ती यादी उगाच दिलेली नाही. त्या दिवशी यरुशलेमात जमलेल्या पुष्कळांना थोडीफार ग्रीक येत असणार. तेव्हाची ती बाजाराची आणि कचेरीची भाषा होती. पवित्र आत्म्याने पेत्राला उत्तम ग्रीक बोलायला लावले असते तरी काम भागले असते. तसे झाले नाही. प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये ऐकली ती स्वतःच्या जन्मभाषेत.

ह्या सणाच्या निमित्ताने आम्ही आज आपल्याला एका तरुण कवीची ओळख करून देणार आहोत. तो आपल्यासारखाच कॅथलिक होता, आपल्यापैकी कित्येकांसारखा कोळ्याच्या घरात जन्मलेला, आणि त्याची भाषा इतकी लहान की तिचे नावही आपल्यातील बहुतेकांनी ऐकलेले नसेल. त्याचे नाव यान-बेर कालोख. फ्रेंच कागदपत्रांत तेच जाँ-पिएर होते. यान-बेर म्हणजे आपला योहान-पेत्र. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला.

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला समुद्रात घुसलेला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तिथली जुनी भाषा ब्रेटन. ती फ्रेंचची बोली नव्हे, फ्रेंचशी तिचे जवळचे नातेही नाही. तिची सख्खी बहीण म्हणजे इंग्लंडच्या शेजारच्या वेल्स प्रांतातील वेल्श. ह्या ब्रिटनीच्या किनाऱ्यासमोर ग्रोआ नावाचे बेट आहे. जेमतेम आठ किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद. तेथे १८८८ च्या जुलै महिन्यात कालोख जन्मला. त्या काळी ग्रोआची शिडाची गलबते ट्यूना मासळीसाठी दूर खोल समुद्रात जात आणि फ्रान्समधील ट्यूनाच्या मोठ्या बंदरांत ग्रोआचे नाव अग्रभागी होते. तेथील चर्चच्या मनोऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखवायला नेहमीचा कोंबडा नाही, ट्यूना मासा आहे! वर्षातून एकदा धर्मगुरू होडीतून समुद्रावर जात आणि पाण्याला व होड्यांना आशीर्वाद देत. आपल्या किनाऱ्यावर होड्यांचा आशीर्वाद पाहिलेल्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको.

आणि कोळीवाड्याच्या चित्राची दुसरी बाजूही सांगायला नको. १९०२ साली कालोखचा बाप समुद्रात बुडाला. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता.

त्याला धर्मगुरू व्हायचे होते. सांत-आन-दोरे ह्या तीर्थक्षेत्रातील लहान सेमिनरीत तो शिकला. हे क्षेत्र ब्रिटनीच्या लोकांना फार प्रिय आहे. सतराव्या शतकात, १६२४-२५ च्या सुमारास, तेथील इव्ह निकोलाझिक नावाच्या एका शेतकऱ्याला पवित्र मरियेची आई संत अन्ना हिचे दर्शन झाले असे मानले जाते. ती त्याच्याशी बोलली ते ब्रेटन भाषेत. निरक्षर शेतकऱ्याशी देवाची आजी त्याच्याच बोलीत बोलली, ह्याचा त्या लोकांना आजही अभिमान वाटतो. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये पोप दुसरे जॉन पॉल त्या क्षेत्राला भेट देऊन गेले.

पुढे व्हान शहरातील मोठ्या सेमिनरीत गेल्यावर मात्र कालोखची वाट अडली. घरात भावंडांना अपस्माराचा आजार होता. ज्याला अपस्मार आहे किंवा होऊन गेला आहे अशा माणसाला गुरुदीक्षा द्यायची नाही, असा त्या काळी ख्रिस्तसभेचा नियम होता. वेदीवर अर्पण करताना झटका आला तर काय, ही त्यामागची भीती. कालोख स्वतः धडधाकट होता, पण आजार रक्तातला आहे ह्या शंकेने त्याचे दार बंद झाले. कालोखच्या मृत्यूनंतर दीडच महिन्याने जाहीर झालेल्या १९१७ च्या धर्मसंहितेतही तो नियम कायम राहिला. १९८३ च्या संहितेत अपस्माराचे नाव उरलेले नाही. आज त्याविषयी वाद घालून उपयोग नाही, पण एवढे म्हटलेच पाहिजे की आजाराविषयीच्या भीतीची किंमत पुष्कळदा निरोगी माणसालाही मोजावी लागली आहे. आपल्या घराघरांतून लग्ने जुळवताना असल्या कुजबुजी आजही होतात, हे आपण जाणतो.

कालोखने ख्रिस्तसभेवर राग धरला नाही. पॅरिससारख्या परक्या शहरात त्याने शाळेत नोकरी धरली, विधवा आईचा आणि आजारी भावंडांचा भार उचलला. आणि तो कविता लिहू लागला. कवी म्हणून त्याने नाव घेतले ब्लेइमोर, म्हणजे समुद्राचा लांडगा. फ्रेंच त्याला उत्तम येत होते. तरी जी कविता त्याने देवापुढे ठेवली ती ब्रेटनमध्ये. त्यातही व्हान भागातल्या बोलीत, जी इतर भागांतल्या ब्रेटन लोकांनासुद्धा अवघड जाते. लहान भाषेतली आणखी लहान बोली! छापणारे कमी, वाचणारे त्याहून कमी. व्यवहारी माणसाने त्याला वेड्यात काढले असते.

हे वेड किती महागडे होते हे कळायला त्या काळच्या शाळेत डोकावले पाहिजे. ब्रिटनीच्या शाळांत मुलाच्या तोंडून ब्रेटन शब्द निघाला तर त्याच्या गळ्यात एखादा जुना लाकडी बूट किंवा तसलीच काही वस्तू अडकवत. दुसरा कोणी ब्रेटन बोलताना सापडेपर्यंत ती त्याच्याच गळ्यात राहायची. म्हणजे सुटका हवी तर आपल्याच सोबत्याची चुगली करायची. आईची भाषा बोलणे ही शरमेची गोष्ट आहे हे मुलांच्या मनात असे ठोकून बसवले गेले.

चर्चलाही सोडले नाही. १९०२ साली, ज्या वर्षी कालोखचा बाप बुडाला त्याच वर्षी, फ्रान्सचे पंतप्रधान एमिल कोंब ह्यांनी फर्मान काढले की प्रवचन आणि धर्मशिक्षण ब्रेटनमध्ये द्यायचे नाही. मिस्सा तेव्हा सगळीकडे लॅटिनमध्ये होती, पण प्रवचन, गीते, मुलांचा कॅटेकिझम आणि पापनिवेदन लोकांच्या भाषेत चालत असे. १९०५ पर्यंत तेथील धर्मगुरूंचा पगार सरकार देत होते. ज्यांनी आज्ञा मोडली त्या कित्येकांचा पगार थांबवण्यात आला. तरी ते ब्रेटनमध्येच शिकवत राहिले. (हे कोंब महाशय तरुणपणी स्वतः सेमिनरीत होते! दोघांनाही वेदीपर्यंत पोहोचता आले नाही. एकाने पुढे काय केले आणि दुसऱ्याने काय, ते आपल्यासमोर आहे.)

येथे परक्या सरकारला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आपल्या बाजूचा इतिहासही आठवावा लागेल. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्लंडहून आलेल्या येशूसंघीय धर्मगुरूने १६१६ साली ख्रिस्तपुराण मराठीत दिले. पुढची कित्येक वर्षे ते गोव्यातील ख्रिस्ती लोक भक्तिभावाने ऐकत होते. आणि त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावे. त्यामागे काही धर्मगुरूंचाच आग्रह होता. म्हणजे एका धर्मगुरूने लोकांच्या भाषेत गुडघे टेकले आणि दुसऱ्यांनी तीच भाषा काढून घ्यायला हातभार लावला. ख्रिस्तसभेत दोन्ही घडले आहे.

१९१४ साली युद्ध पेटले आणि ब्रिटनीची खेडी रिकामी झाली. शेतकरी गेले, कोळी गेले, धर्मगुरूही गेले, कारण फ्रान्समध्ये त्यांनाही सैन्यात जावे लागे. लाखाहून अधिक ब्रेटन माणसे परत आली नाहीत. त्यातल्या पुष्कळांना फ्रेंच धड कळत नव्हते. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये अशाच एका शिपायावर, लढाई टाळण्यासाठी स्वतःच्या हाताला इजा करून घेतल्याचा आरोप आला. आपली बाजू नीट मांडण्याइतके फ्रेंच त्याच्यापाशी नव्हते. त्याला त्याच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. जवळजवळ वीस वर्षांनी न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. ज्याची भाषा कोणाला कळत नाही त्याचे निर्दोषत्वही कोणाला कळत नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री अंगणात शेकत बसलेल्या पेत्राला जवळ उभ्या असलेल्या लोकांनी ओळखले ते त्याच्या गालिली बोलण्यावरून, हे येथे आठवते (मत्तय २६:७३). बोलीवरून माणूस पकडला जातो, ही गोष्ट फार जुनी आहे.

कालोख अधिकारी होऊन खंदकात गेला. तेथे तो लिहीत राहिला. चिखल, उंदीर, तोफा, आणि खिशात कागद. ह्या कवितांचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर एका मित्राने जमवून १९२१ साली छापला. त्याचे नाव ‘आर एन देउलिन’, म्हणजे ‘गुडघ्यांवर’. त्यातील एक कविता रात्रीच्या पहाऱ्याची आहे. बाकीचे झोपलेले असताना अंधाराकडे डोळे लावून उभा असलेला शिपाई देवाशी बोलतो. एकशे तिसाव्या स्तोत्रातील पहारेकरी, जो पहाटेची वाट पाहतो, तो येथे लष्करी डगला घालून उभा आहे असे वाटते. दुसऱ्या एका कवितेत त्याने आपले बेट, आपले घर, आई आणि दर्यावर्दी बाप ह्यांच्याविषयी सांगितले आहे. तिला पुढे चाल लागली आणि ब्रिटनीत ती गायली जाते.

ज्याला वेदीपाशी उभे राहून प्रार्थना म्हणता आली नाही, त्याने खंदकात गुडघ्यांवर ती म्हटली. बंदुकीच्या आवाजात तो देवाशी बोलला ते आईने शिकवलेल्या शब्दांत, कारण भीती वाटते तेव्हा माणसाला दुसरे शब्द सुचतच नाहीत. आपल्या प्रभूचेही असेच झाले. मार्कने आपले शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिले, पण याइराच्या मुलीला उठवताना येशू जे बोलला ते शब्द, आणि वधस्तंभावरची त्याची आरोळी, मार्कने येशूच्या मातृभाषेत, अरामीतच ठेवली आणि शेजारी अर्थ दिला. भाषांतर करूनही ते मूळ शब्द टाकून देणे त्याच्या जिवावर आले असावे.

बंधू-भगिनींनो, आम्ही कालोखला संत म्हणून आपल्यासमोर ठेवत नाही. त्याच्याविषयी सांगतात की हातघाईच्या लढाईत तो खलाशांची कुऱ्हाड घेऊन उतरत असे. हे ऐकून आपल्याला बरे वाटत नाही, आणि वाटूही नये. त्याच समोरच्या खंदकात बव्हेरियाचे कॅथलिक शेतकरी आपल्या आईच्या भाषेत तीच माळ जपत होते. दोन्हीकडून प्रार्थना एकाच पित्याकडे जात होत्या. कालोखने आपल्या गावाचे, विश्वासाचे रक्षण करतो आहोत अशा भावनेने शस्त्र हाती धरले. त्याचा प्रामाणिकपणा आम्ही मानतो. पण १९१७ च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेला पोप पंधरावे बेनेडिक्ट ह्यांनी लढणाऱ्या देशांना पत्र लिहून ह्या युद्धाला निरर्थक कत्तल म्हटले, तेव्हा दोन्ही बाजूंचे पुढारी त्यांच्यावर चिडले. पोपमहोदयांचे म्हणणे बरोबर होते. प्रार्थना खरी आणि कत्तलही खरी, ह्या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या आयुष्यात शेजारी शेजारी राहिल्या. त्याचा निवाडा देवाकडे आहे.

त्या वर्षी पुनरुत्थानाचा सण ८ एप्रिलला होता. १० एप्रिलला, म्हणजे सणानंतरच्या मंगळवारी, सेंट क्वेंटिन शहराजवळ उर्व्हिये येथे तोफगोळ्याने कालोख मारला गेला. आईला आणखी एका माणसाचा निरोप आला. पहिला समुद्राने नेला होता.

त्याची भाषा जगली का? विसाव्या शतकाच्या आरंभी दहा लाखांहून अधिक लोक ब्रेटन बोलत. २०२४ साली झालेल्या पाहणीत ते सुमारे १ लाख ७ हजार भरले, आणि त्यातील बरेच वृद्ध आहेत. सरकारचे फर्मान, शाळेतला लाकडी बूट, ह्यांनी भाषा दुखावली खरी. पण ती मेली नाही. ती ओसरू लागली ती पुढे, जेव्हा आईबापांनीच ठरवले की मुलांना त्रास नको, घरात फ्रेंच बोलू. ह्यात त्यांचा दुष्टावा नव्हता, मुलांवरची मायाच होती. १९७७ पासून काही पालकांनी मुलांना पूर्णपणे ब्रेटनमध्ये शिकवणाऱ्या शाळा सुरू केल्या. त्या शाळांचे नाव आहे दिवान. आपल्याला वाटेल तो हा दिवाण नव्हे. ब्रेटनमध्ये दिवान म्हणजे अंकुर.

आता आपल्या घरात या. रात्रीच्या माळेला आजी नमो मरिया सुरू करते आणि नातू उत्तर देतो ते इंग्रजीत, कारण शाळेत तेच शिकवतात. आजीला ते कळत नाही, नातवाला आजीचे कळत नाही, आणि मधली सून दोन्हीकडे बघून घड्याळाकडे बघते. आम्ही इंग्रजीच्या विरोधात नाही. मुलांना नोकऱ्या लागायला हव्यात, आणि इंग्रजीत केलेली प्रार्थना देव परत पाठवत नाही. कालोखनेही फ्रेंच शिकून पोट भरलेच की. पण आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणाऱ्या आमच्या स्वयंसेवकांना विचारा. अर्धांगाने जीभ जड झालेली म्हातारी माणसे शेवटी कोणत्या शब्दांपाशी ओठ हलवतात? पुस्तकी मराठीतली मिस्सासुद्धा मागे राहते. वाडवळीत, सामवेदीत, कोळ्यांच्या बोलीत आईने पाळण्याशी म्हटलेले चार शब्द तेवढे उरतात. ते शब्द ओळखणारे कोणी पलंगाशी नसेल तर?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला जागा दिली तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांना केवढा आनंद झाला होता. तोवर लॅटिनमध्ये काय चालले आहे ते न कळताही ते श्रद्धेने मिस्सा ऐकत. आता कळते. मात्र आपल्या बोलीतली जुनी गीते, लग्नाच्या आदल्या रात्रीची गाणी, उपवासकाळात म्हटली जाणारी दुःखसहनाची पदे, वादळात अडकलेल्या होडीसाठी बायका म्हणत त्या विनवण्या, ह्यांपैकी किती कोणाच्या वहीत आहेत? बहुतेक कोणाच्याच नाहीत. कालोखचे कागद त्याच्या मित्राने जपले म्हणून आज आपण त्याच्याविषयी बोलू शकतो.

म्हणून धर्मग्राम मंडळाने ठरवले आहे की येत्या तीन महिन्यांत आपल्या धर्मग्रामातील जुन्या प्रार्थना आणि पदे लिहून काढायची. धर्मशिक्षणाच्या वर्गातील सातवी ते दहावीच्या मुलांनी आपल्या आजी-आजोबांकडे, नसतील तर शेजारच्या आजीकडे, जाऊन त्या ऐकाव्यात आणि जशा म्हटल्या जातात तशाच लिहाव्यात. शुद्ध मराठीत सुधारून लिहू नये. ज्यांना जमेल त्यांनी आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करावा. सांगणाऱ्याचे नाव, वय आणि पाडा खाली लिहावा. वह्या पॅरिश ऑफिसात रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर द्याव्यात. ज्या वृद्धांना घराबाहेर पडता येत नाही त्यांची नावे विभागाच्या सिस्टरांकडे कळवावीत, मुलांना त्यांच्या घरी पाठवले जाईल. पेंटेकॉस्टच्या दिवशी सकाळच्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थनांपैकी तीन प्रार्थना आपल्या तीन बोलींत होतील. त्या म्हणायला तिघे हवे आहेत, आणि त्यातला एक तरी शाळकरी असावा अशी आमची इच्छा आहे.